उपवासाचा अर्थ जगलेली विदुषी : पंडिता रमाबाई

उपवास हा शब्द भारतातल्या कोणत्याही घराला अपरिचित नाही. एकादशी आणि चतुर्थी, रमजानचे रोजे, ख्रिस्ती मंडळींचा ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, अशी त्याची रूपे अनेक आहेत. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ जवळ वसणे असा आहे. अन्न वर्ज्य करणे हे केवळ त्याचे बाह्य अंग होय. ईश्वराच्या सान्निध्यात राहणे हा त्याचा गाभा. पंडिता रमाबाई यांच्या जीवनात उपवास तीन रूपांनी आला. बालपणी तो व्रत म्हणून आला, तारुण्याच्या उंबरठ्यावर उपासमार होऊन आला आणि उत्तरायुष्यात त्याने ख्रिस्ती प्रार्थनेचे व स्वार्थत्यागाचे रूप घेतले. संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि विधवांच्या कैवारी म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु या सर्व कार्यामागे जी प्रार्थनामय श्रद्धा उभी होती, तिचा परिचय करून घेतल्यावाचून त्यांचे चरित्र पूर्णपणे उमगत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगेत, गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे प्रकांड पंडित. स्त्रियांनीही संस्कृत शिकावे या मताचे ते असून त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या दिली. हे त्या काळच्या समाजास रुचले नाही. मनासारखे जीवन जगता यावे म्हणून शास्त्रीबुवांनी अरण्यात आश्रम उभारला. पुढे द्रव्य संपले तेव्हा अवघे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. रमाबाई त्या वेळी जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगराखाली नेण्यात आले. तेव्हापासून त्यांना स्थिर घर असे राहिले नाही. देवळाच्या ओसरीवर, नदीच्या घाटावर पुराणे सांगावीत, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, हाच त्यांचा संसार. पहाटेच्या अंधारात आईच्या मुखातून ऐकलेले संस्कृत हीच त्यांची शाळा. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक त्यांना लहानपणीच मुखोद्गत झाले.

या यात्रेत व्रते, अनुष्ठाने आणि उपवास यांना खंड नव्हता. जवळचे द्रव्य दानधर्मात देऊन टाकावे, देव योगक्षेम चालवील, अशी आईवडिलांची निस्सीम श्रद्धा होती. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि या श्रद्धेची कठोर परीक्षा सुरू झाली. पुराण ऐकण्यास श्रोते उरले नाहीत, दक्षिणा थांबली. कुटुंबाने दागिने विकले, भांडी विकली, वस्त्रेही विकली. शास्त्राध्ययनात आयुष्य गेलेल्या त्या माणसांना मोलमजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागणे लाजिरवाणे वाटत होते. अखेर अरण्यात शिरून त्यांनी पाणी, झाडपाला आणि रानटी फळे यांवर कित्येक दिवस काढले. दृष्टी गेलेल्या वृद्ध शास्त्रीबुवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. परंतु मुलगा श्रीनिवास याने मजुरी करून सर्वांना पोसण्याचे वचन देऊन त्यांना त्यापासून परावृत्त केले. तथापि क्षीण झालेला देह फार काळ टिकला नाही. थोड्याच दिवसांत वडील गेले.

त्यानंतर आईने अंथरूण धरले. भाकरीच्या तुकड्यासाठी तिचा जीव कासावीस होत असताना रमाबाई शेजारच्या एका दारी गेल्या. परंतु मागण्यासाठी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने त्यांच्या डोळ्यांतील आसवे पाहून काय ते ओळखले आणि भाकर दिली. मात्र ती भाकर आईच्या घशाखाली उतरण्याची वेळ टळून गेली होती. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत म्हणून रमाबाईंना स्वतः तो भार वाहावा लागला, आणि उंची कमी पडत असल्यामुळे तो त्यांनी डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. विशी न गाठलेल्या रमाबाई आणि त्यांचा भाऊ, एवढीच दोघे मागे उरली.

या भावंडांनी अनवाणी पायांनी हिंदुस्थानचा फार मोठा भाग पालथा घातला. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीचा कडाका असह्य झाला तेव्हा अंगावर पुरेसे वस्त्र नसल्याने वाळूत खड्डे खणून, मान तेवढी बाहेर ठेवून त्यांनी स्वतःला त्यात पुरून घेतले आणि रात्र काढली. सर्व नियम पाळूनही आईवडील भुकेने गेले, याचे कोडे त्यांच्या मनाला सुटत नव्हते. जुन्या श्रद्धेचा आधार हळूहळू सुटत चालला होता आणि नवा आधार अद्याप दृष्टीस पडला नव्हता.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या त्या तरुणीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले. याच नगरात त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. एका मेळाव्यात उपस्थित मंडळी आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकून, डोळे मिटून काही पुटपुटू लागली. समोर मूर्ती नाही, नैवेद्य नाही. तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असे रमाबाईंना वाटले. पुढे जी प्रार्थना त्यांच्या जीवनाचा श्वास झाली, तिच्याशी त्यांची पहिली भेट अशी गैरसमजातून झाली.

१८८० मध्ये श्रीनिवास ढाक्यास निधन पावला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि आसामातील सिल्चर येथे संसार मांडला. तेथे पतीच्या पुस्तकसंग्रहात लूकचे बंगाली शुभवर्तमान त्यांच्या हाती आले आणि त्याने त्यांच्या मनाची पकड घेतली. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली. परंतु ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीला घेऊन ही विधवा पुण्यास आली. तिथे तिने आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्री धर्मनीति हा ग्रंथ लिहिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची आवश्यकता ठामपणे मांडली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला. लंडनजवळ फुलम येथे, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची या भगिनी मायेने सेवा करीत. ते दृश्य रमाबाईंच्या अंतःकरणास भिडले. या स्त्रियांना दूर न लोटता जवळ घेण्याची प्रेरणा यांना कोठून मिळते, याचा शोध घेताना त्यांना विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणारा येशू भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मात्र सद्सद्विवेकबुद्धी त्यांनी कोणाच्याही स्वाधीन केली नाही. आजवर एका धर्मसत्तेचा जाच सोसला तो दुसरीच्या आज्ञेत राहण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती, आणि मठातील आपल्या धर्ममातेशी पत्रांतून वाद घालतानाही त्यांनी ती सोडली नाही. याच सुमारास त्यांची श्रवणशक्ती मंदावत गेली आणि वैद्यक शिकण्याचा त्यांचा मनोदय त्यामुळे सोडावा लागला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. अमेरिकेत त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाने उच्चवर्णीय हिंदू विधवांची दुःस्थिती जगापुढे आणली आणि बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. येथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या.

शारदा सदनात कोणावरही धर्माची सक्ती नसावी, असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत; परंतु खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली, रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विधवांच्या शिक्षणाकरिता झटणाऱ्या या थोर पुरुषांना, आपण ज्या विश्वासाने पालकांना मुली पाठविण्यास सांगितले त्याला तडा गेला असे वाटले. उलट, मुलींना ज्याप्रमाणे आपल्या धर्माचे पालन करण्याची मोकळीक आहे, त्याचप्रमाणे आपल्यालाही घरात उघडपणे प्रार्थना करण्याचा अधिकार आहे, असे रमाबाईंचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंना आपापले सत्य होते. रमाबाईंना मात्र याची किंमत मोजावी लागली. ज्या समाजासाठी त्या परतल्या होत्या, त्याचा फार मोठा भाग त्यांना दुरावला.

याच काळात त्यांच्या प्रार्थनेचे स्वरूप पालटले. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे लोटल्यावर, १८९१ च्या सुमारास, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, परंतु खुद्द ख्रिस्ताची ओळख अद्याप झाली नाही, अशी जाणीव त्यांना झाली. बुद्धीला पटलेले मत आणि जीवाला मिळालेला आधार यांतील अंतर त्यांनी अनुभवले. त्यानंतरची त्यांची प्रार्थना हे लेकराने पित्याशी केलेले बोलणे झाले. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालविली होती. त्यांचे चरित्र वाचून हिंदुस्थानातही असे का घडू नये, असा विचार रमाबाईंच्या मनात रुजला. लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती शिबिरास त्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. तेथे त्यांनी या लेकींच्या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे त्या दोनशे पंचवीस व्हाव्यात, असे ईश्वरापाशी मागितले. तेवढ्या मुलींना ठेवण्यास जागा नव्हती आणि पोसण्यास पैसाही नव्हता.

उत्तर आले ते भयंकर रूपाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या वार्तेने रमाबाईंच्या डोळ्यांपुढे आईसाठी मागितलेली ती भाकर उभी राहिली असल्यास नवल नाही. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या स्वतः तेथे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, दुष्ट माणसांच्या हाती पडण्याच्या बेतात असलेल्या मुली त्यांनी पाहिल्या आणि तीनशे मुलींना आश्रय देण्याचा संकल्प केला. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा पुण्याच्या पूर्वेस रेल्वेमार्गावरील केडगाव येथे त्यांनी पूर्वी घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. हेच पुढचे मुक्ती सदन. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळाने आणखी शेकडो मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जीवांना दररोज अन्न कोठून मिळे? ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत उद्याच्या साठ्याचे मागणे नाही, आजच्या भाकरीचे आहे. मुक्तीतील दिवस याच प्रार्थनेने उजाडे. संस्थेची हकीकत मुक्ती प्रेयर बेल या पत्रिकेतून प्रसिद्ध होई आणि देशोदेशींचे लोक स्वेच्छेने साहाय्य धाडीत. हमखास उत्पन्न असे मात्र नव्हते. तथापि प्रार्थना म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असा अर्थ रमाबाईंनी कधीच केला नाही. ज्यांच्या आईवडिलांना शास्त्र येत होते परंतु पोट भरण्याची कला येत नव्हती, त्यांनी आपल्या लेकींना दोन्ही शिकविले. केडगावात विहिरी खोदल्या गेल्या, फळबागा लावल्या गेल्या, शेती आणि गोठा उभा राहिला. तेलाचे घाणे, हातमाग आणि छापखाना सुरू झाला. पतित मानलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, तर अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवू लागल्या. गुडघे टेकून केलेले मागणे आणि कंबर कसून केलेले काम यांत तेथे विरोध राहिला नाही.

१९०५ च्या प्रारंभी रमाबाईंनी दररोज पहाटे विशेष प्रार्थनेसाठी बायकांना एकत्र बोलाविले. प्रथम सुमारे सत्तर जणी येत. जूनपर्यंत त्यांची संख्या पाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस मुक्तीत असे एक धार्मिक चैतन्य संचारले की मुली आपले अपराध आठवून रडू लागल्या, क्षमा मागू लागल्या आणि तासन् तास प्रार्थनेत राहू लागल्या. जेवणाची घंटा होऊन जाई, तरी अनेकींना तिचे भान नसे. त्या उत्कट आविष्कारांविषयी ख्रिस्ती जगतातही मतभेद झाले. रमाबाईंनी मात्र भावनेच्या उमाळ्यास अंतिम मानले नाही; मनातला पालट आचरणात दिसावा आणि इतरांच्या उपयोगी पडावा, यावर त्यांचा भर होता. मुलींची पथके भोवतालच्या गावांत शुभवर्तमान सांगण्यास जाऊ लागली.

येथे उपवासाचा तिसरा अर्थ लक्षात येतो. ज्या मुली दुष्काळात सक्तीने उपाशी राहिल्या होत्या, त्या आता ईश्वराच्या ओढीने आपखुशीने अन्न विसरत होत्या. पहिल्या उपाशीपणात माणूस एकाकी होतो, कारण भूक त्याला स्वतःपलीकडे पाहू देत नाही. दुसऱ्यात तो ईश्वराच्या आणि शेजाऱ्याच्या निकट येतो. येशूने उपवासाचे प्रदर्शन करू नये असे शिकविले, आणि त्याच्याही पूर्वी यशया संदेष्ट्याने खरा उपवास भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा देण्यात आहे, असे बजावले होते. रमाबाईंचे सारे उत्तरायुष्य हा असाच एक दीर्घ उपवास होता. त्यांनी स्वतःसाठी संपत्ती राखली नाही. साधे पांढरे वस्त्र, साधे अन्न आणि अखंड परिश्रम असा त्यांचा नेम होता.

अखेरची अनेक वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. अल्पशिक्षित स्त्रीलाही ते कळावे म्हणून त्यांनी प्रौढ संस्कृतप्रचुर शैली बाजूस ठेवली, मुळाबरहुकूम अर्थ यावा म्हणून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुक्तीच्या छापखान्यात तेथल्या स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळविले. संस्कृतच्या पदव्यांनी भूषविलेल्या या विदुषीने आपली सारी विद्या अशा रीतीने साध्या बाईच्या ओटीत घातली.

एक कठोर परीक्षा अद्याप शिल्लक होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई निवर्तल्या. केडगावचा भार ज्या लेकीवर सोपवावा, तीच आईच्या आधी गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक कन्या, अशी सर्व नाती काळाने हिरावून नेली. वयाने साठी ओलांडलेल्या, जवळजवळ ऐकू न येणाऱ्या रमाबाई तरीही भाषांतराच्या मुद्रितांपाशी बसत राहिल्या. ते काम त्यांनी पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून प्रसिद्ध झाले.

रमाबाईंची आशा दुःख टळेल या भरवशावर उभी नव्हती. दुःख तर त्यांच्या वाट्याला अखेरपर्यंत आले. दुःखातही आपल्याला ऐकणारा कोणी आहे आणि त्याने आपल्यावर काही काम सोपविले आहे, या विश्वासावर ती उभी होती. अरण्यात जन्मलेल्या, बालपणी कोणत्याही शाळेत न बसलेल्या, दक्षिणेपासून पंजाब-आसामपर्यंत वणवण केलेल्या या मराठी स्त्रीने हजारो निराधार मुलींना घर, अन्न आणि अक्षरे दिली. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया व बालके यांना आसरा देत आहे. भारत सरकारने १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्यांच्या श्रद्धेचा मार्ग प्रत्येकाचा असेलच असे नाही. परंतु स्वतः सोसलेल्या भुकेला दुसऱ्याच्या ताटातील भाकरीचे रूप देण्याचा त्यांचा धडा कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याने शिरोधार्य मानावा असाच आहे.